सुपाचा फोटो

रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या आमच्या घराला दोन दारं होती आणि दोन वास होते. पुढच्या दाराशी बाबांचा फोटो स्टुडिओ, तिथं फोटो धुण्याच्या हायपोचा आंबूस, नाकात चढणारा वास. मागच्या दाराशी आईची चूल, तिथं सुकट भाजल्याचा, नाहीतर बिरड्यासाठी भिजत घातलेल्या वालांचा. मधल्या खोलीत हे दोन्ही वास एकमेकांना भेटायचे, आणि त्याच खोलीत माझं अंथरूण, माझं दप्तर, माझं सगळं. मी एकुलती एक, त्यामुळे भांडायला कोणी नव्हतं. भांडण लावायचं तर ते आईबाबांचंच, आणि त्यातही मला मजा यायची. आजही शेजारी कोणी सुकट भाजली की मला वाटतं, इथं जवळच कुणीतरी फोटो धुतंय.

आई पेणजवळच्या खाडीकाठच्या गावची. माहेर मिठागरातलं, बाप-भाऊ सगळे मीठ ओढणारे. शाळा तिनं पाहिली ती बाहेरून. पण तिच्या आत्यानं तिला धवले शिकवले होते, आणि ते तिला इतके पाठ होते की झोपेतून उठवलं तरी बरोबर त्याच ओळीपासून सुरू करील. धवले म्हणजे आमच्या लोकांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीला म्हणायची गाणी. भटजी उशिरा आला तर चालायचं, धवले म्हणणारी बाई आली नाही तर मांडव खोळंबायचा. आईला रोह्यापासून पार पेणपर्यंत बोलावणी यायची. आणि घरी असली की ती दिवसभर तेच म्हणायची, मोठ्यानं नव्हे, ओठातल्या ओठात. मागच्या दारात उकिडवी बसून सूप हातात घेतलं की तांदूळ पाखडण्याच्या ठेक्यावर तिचा धवला चालायचा. फट् फट् फट्, आणि मध्ये तिचा आवाज. मी अभ्यास केला तो या आवाजात. परीक्षेला शाळेच्या शांत वर्गात बसले की मला काही आठवायचं नाही. खोटं नाही सांगत.

बाबा त्याच लग्नांत फोटो काढायला जायचे. तिथंच त्यांनी आईला पाहिलं, आणि तिथंच त्यांचं पहिलं भांडण झालं. हळदीला रॉकेलच्या बत्तीच्या उजेडात बायका गायला बसायच्या, आणि बाबांनी फ्लॅशचा दिवा उडवला की सगळ्या दचकून गप्प व्हायच्या. आईनं म्हणे भर मांडवात बाबांना सुनावलं, तुमचा तो भपका आला की माझा धवला तुटतो. बाबा हे पुढं सगळ्यांना सांगायचे, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू कुणी त्यांचा सत्कार केला होता.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खाडीकाठच्या गावांत त्या काळी जिवंत माणसाचा फोटो क्वचित निघायचा. लग्नाचे फोटोसुद्धा ज्याच्या घरी कोणी कंपनीत नोकरीला असेल त्याच्याकडेच. एरवी फोटोवाल्याला बोलावणं यायचं ते घरात कोणी गेलं की. निरोप आला की बाबा सायकलला कॅमेरा बांधून निघायचे. गेलेल्या माणसाला उजेडात ओटीवर घेतलेलं असायचं, अंघोळ घालून, नवं कापड घालून, आणि घरची माणसं त्याच्याभोवती बसलेली. तो एकच फोटो, त्या माणसाच्या आख्ख्या आयुष्यातला. मग तो मोठा करून भिंतीवर लावायचा आणि त्याला हार. आईच्या माहेरी भिंतीवर चार फोटो होते, आणि त्यांतल्या एकाचेही डोळे उघडे नव्हते. त्यामुळे बाबांनी कधी हौसेनं कॅमेरा तिच्याकडे वळवला, की ती पदर तोंडावर ओढायची आणि म्हणायची, "मी काय मेलेय काय, माझा फोटो काढायला?" फोटोवाल्याच्या बायकोचा एक फोटो नाही, म्हणून गावातल्या बायका तिला चिडवायच्या. ती हसून सोडून द्यायची. हट्टी होती, आणि तो हट्ट माझ्यात पुरेपूर उतरला आहे.

पेणला बाबांचे मास्तर होते. त्यांच्याच हाताखाली बाबा फोटोग्राफी शिकले होते. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी दुकान आवरायचं ठरवलं, तेव्हा आपला लाडका कॅमेरा त्यांनी बाबांना द्यायचं कबूल केलं. तो कॅमेरा वेगळा होता. त्याला एक छोटी खिडकी, खिडकीच्या मधोमध पिवळसर चौकोन, आणि त्या चौकोनात प्रत्येक गोष्ट दोनदा दिसायची. लेन्सची कडी फिरवत राहायचं. दोन चित्रं सरकत सरकत एकमेकांवर बसली, एक झाली, की दाबायचं. बाबांनी मला तो डोळ्याला लावायला दिला, तेव्हा मी समोरच्या तुळशीच्या दोन तुळशी पाहिल्या आणि कडी फिरवून त्यांची एक केली. मला तेव्हा फार मोठं काही केल्यासारखं वाटलं होतं.

त्या कॅमेऱ्याला लेन्स दोन होत्या. दोन्ही सारख्याच कामाच्या, दोन्ही अंधारात चालणाऱ्या, म्हणजे तोंड इतकं मोठं की बत्तीच्या उजेडातही फ्लॅशशिवाय फोटो निघावा. बाबांना हवं होतं ते हेच: धवला न तोडता हळदीचा फोटो. पण मास्तर देणार होते एकच. दुसरी अलिबागच्या एका फोटोवाल्याला कबूल केलेली होती. मास्तर म्हणाले, दोन्ही घेऊन जा, गणपतीपर्यंत वापरून बघ, आवडेल ती ठेव आणि दुसरी परत आण. बाबा एसटीनं रोह्याला आले ते दोन्ही लेन्स मफलरमध्ये गुंडाळून, मांडीवर घेऊन. पुढं कितीतरी दिवस आमच्या घरात तेवढाच विषय होता. एक जाड, जड, मोठ्या तोंडाची. दुसरी लहान, हलकी, वेगळ्याच कंपनीची, मधे एक कडी घालून कॅमेऱ्याला बसवलेली. आईनं त्यांची नावं लगेच ठेवली: थोरली आणि धाकटी. एका घरात दोन जावा आल्यात आणि एकीला माहेरी धाडायचीय, म्हणायची. बाबा जेवताना लेन्सबद्दल बोलायचे, ती भाकरी वाढताना विचारायची, आज कुणाची बाजू वरचढ? तिचं मत धाकटीला होतं. का, तर ती हलकी. "रातभर गल्यात घालून उभं राहता, मान दुखते तुमची. धाकटीच ठेवा." बाबा हसायचे. लेन्स वजनावर घेतात का, म्हणायचे.

परीक्षा घ्यायची तर बारीक विणीची वस्तू लागते, जिची काडी न् काडी मोजता येईल. बाबांनी वर्तमानपत्र भिंतीला लावून पाहिलं, समाधान झालं नाही. मग एका सकाळी ते मागच्या दारी आले आणि आईच्या हातातल्या सुपाकडे बघत राहिले. बांबूच्या पातळ कामट्यांची वीण, वरून तिरपा उजेड. आईनं कॅमेरा पाहिला आणि पदराला हात घातला. तेव्हा बाबा म्हणाले, "तुझा कोण काढतंय? सुपाचा काढतोय. तू नुसतं धर."

आणि तिनं धरलं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, मी तुळशीपाशी दात घासत उभी होते. तिनं सूप छातीसमोर हातभर पुढं उभं धरलं आणि त्याच्या वरून आपली बाबांकडे बघत राहिली, बिनधास्त. आपला फोटो निघतच नाहीये म्हटल्यावर पदर कशाला? आधी थोरली लावली. बाबांनी चौकोनात सुपाची वीण घेतली, दोनाची एक केली, दाबलं. पुन्हा दाबलं. आई अवघडल्यासारखी तोंड मिटून होती. मग धाकटी लावायला बाबांना वेळ लागला, ती कडी नेहमी अडायची. तेवढ्यात आई कंटाळली आणि तिचा धवला सुरू झाला. बाबांनी तिला थांबवलं नाही. त्यांना तोंडाशी काय करायचं होतं? त्यांना सूप स्थिर हवं होतं, आणि सूप स्थिर होतं.

दुपारी लाल दिव्याखाली बाबांनी फोटो केले, पण पूर्ण नाही. फोटो मोठा करायचं यंत्र उंच चढवून फक्त सुपाचा तळहाताएवढा तुकडा मोठा केला, दोन्ही लेन्सचा, आणि ते दोन तुकडे ओले असतानाच भिंग लावून ओट्यावर बसले. थोरलीच्या फोटोत कामटी न् कामटी वेगळी. धाकटीच्या फोटोत सूप म्हणजे नुसता धुरकट गोळा. बाबांनी मला समजावलं. अशा लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं की तिची नजर फार बारीक होते, एक बोटभर पट्टी तेवढी साफ दिसते, तिच्या पुढं-मागं सगळं धुकं. थोरलीची पट्टी जिथं सांगितली तिथं बसली. धाकटीची नजर मागं पडतेय, दाखवावं एक आणि तिनं बघावं भलतंच. आई दारातून म्हणाली की बिचारीला आणखी एक संधी द्या. दिली नाही. गणपती बसायच्या आधी बाबा पेणला जाऊन धाकटी परत करून आले, आणि येताना आईसाठी पापड घेऊन आले. तिनं ते तळले आणि धाकटीच्या नावानं एक बाजूला काढून ठेवला. असली थट्टा करायची ती.

भातकापणीला आई माहेरी मदतीला गेली. दरवर्षी जायची. आली ती ताप घेऊन. आधी घरीच काढा झाला, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले पाण्यातून, उंदरांच्यामुळे होतो असा ताप. आता ते सगळ्यांना ठाऊक आहे, पावसाळ्यात भिंतींवर लिहिलेलं असतं. तेव्हा आम्हाला काय ठाऊक? आठवडाही गेला नाही. तिनं मला शेवटचं काय सांगितलं म्हणून लोक विचारतात. तिनं मला सांगितलं की वाल भिजत घातलेत, आंबतील. तिनं याहून मोठं काही सांगायला हवं होतं असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही.

ओटीवर आणलं तिला. नवं हिरवं लुगडं नेसवलं, बांगड्या भरल्या, कपाळभर कुंकू लावलं. माहेरची माणसं ट्रकमधून आली. ओटी भरून गेली आणि मग सगळे बाबांकडे बघायला लागले. काय हवंय ते सगळ्यांना कळत होतं. शेवटी मामाच म्हणाला, "दाजी, सगल्यांचं काढता. हिचा नाय काढाचा?"

बाबा आत गेले आणि कॅमेरा घेऊन आले, थोरली लावलेला. कितीतरी घरांच्या ओट्यांवर ते असेच उभे राहिले असतील. त्यांनी खिडकी डोळ्याला लावली, कडी फिरवायला सुरुवात केली. फिरवली, उलटी फिरवली, पुन्हा फिरवली. मी त्यांच्या कोपराशी उभी होते. ओटीवर इतकी शांतता की कडीचा घासल्याचा आवाज येत होता. मग ते माझ्याकडे न बघता, मलाच ऐकू येईल इतकं हळू म्हणाले, "दोन दिसतात गो. एक होत नाय." त्यांनी कॅमेरा खाली घेतला तेव्हा त्यांच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. फोटो निघाला नाही. मामानं बाबांच्या हातातून कॅमेरा घेतला आणि माझ्याकडे दिला.

दहाव्याच्या आधी प्रश्न आला की भिंतीवर लावायचं काय. बायका हळहळल्या, मग कुजबुजल्या: फोटोवाल्याचं घर आणि एक फोटो नाही. मला ते फार लागलं. मी बाबांना म्हटलं की सुपाचे फोटो आहेत ना, त्यात आई आहे. सुपाच्या फोटोत आई आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

भर दुपारी आम्ही अंधारखोलीत शिरलो. थोरलीच्या निगेटिव्ह व्यवस्थित पाकिटात होत्या. बाबांनी पहिल्यांदाच पूर्ण फोटो उतरवला. ट्रेमध्ये कागद हलवत होते, मी शेजारी. सूप वर आलं, कामटी न् कामटी. सुपाला धरलेली तिची बोटं आली. आणि वर, जिथं तिचं तोंड, तिथं धुकं. डोळ्यांच्या जागी दोन काळसर डाग, कुंकवाच्या जागी एक. दुसरी निगेटिव्ह, तेच. बाबा स्टुलावर बसले. मी म्हटलं, धाकटीच्या बघा. ते म्हणाले, त्यात काय असणार, ती लेन्सच चुकीची. पण त्या निगेटिव्हची पट्टी वाया गेलेल्या तुकड्यांच्या डब्यात होती, मी शोधली, फुंकर मारून दिली.

कागद ट्रेमध्ये टाकला. आधी केस आले. मग कुंकू, मग डोळे, एकदम, दोन्ही. डोळ्यांखालच्या बारीक सुरकुत्या, कानामागून सुटलेली बट, नाकातली मोरणी आणि मोरणीवरचा उजेडाचा टिपका. मग तोंड आलं, अर्धवट उघडं, गाणं म्हणतंय. समोर सूप म्हणजे नुसता पांढुरका गोळा. धाकटीची नजर मागं पडत होती ती बरोबर हातभर मागं, आणि हातभर मागं आई होती.

मला रडू फुटलं. बाबा चिमट्यात कागद धरून तसेच उभे. कागद काळा पडायला लागला, मी तो ओढून हायपोत टाकला. मग ते बोलले.

"धाकटीला ती दिसली. मी सूपच बघत बसलो."

एवढंच. पण ते आयुष्यभर त्या वाक्यातून बाहेर आले नाहीत, हे मी त्यांच्याबरोबर राहिले म्हणून मला माहीत. मी त्यांना पुष्कळदा समजावलं. माणसानं लेन्सची परीक्षा घेताना सूपच बघायचं असतं, त्यात त्यांचं काय चुकलं? पण दुःखाला असला हिशोब समजत नाही. आता फोन समोर धरला की माणसाच्या चेहऱ्याभोवती आपोआप चौकट उमटते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी फोन खाली ठेवला आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

दहावं झाल्यावर बाबा मला घेऊन पेणला गेले. त्यांना धाकटी हवी होती, बदल्यात थोरली द्यायला ते तयार होते, वरून आणखी काय हवं ते. मास्तरांनी आम्हाला चहा दिला. त्यांना दिसत कमी होतं, बाबांचा चेहरा त्यांना दिसला नसावा. त्यांनी आनंदानं सांगितलं की धाकटीचं दुखणं अगदीच किरकोळ निघालं. अलिबागवाल्यानं लेन्स उघडली, आत कागदाएवढा पातळ पत्रा घातला, आणि आता जिथं सांगू तिथंच बघते. बाबांनी चहा पूर्ण प्यायला. अलिबागला जायचा विषय त्यांनी काढला नाही. परतीच्या एसटीत नागोठण्याच्या पुलावर गाडी थांबली होती, तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दुरुस्त झाली म्हणे." मी त्यांचा हात धरला. त्या वयात मुली बापाचा हात धरत नसत.

फोटो मधल्या खोलीत लागला, धाकटीचाच. मामाला तो पसंत नव्हता. तोंड उघडं, लोक हसतील, म्हणाला. थोरलीचा लावा, देवीसारखी दिसते धुक्यात. बाबा म्हणाले, गातेय ती. मामानं पेणहून हार आणला होता, तो घालायला स्टुलावर चढला, तेव्हा बाबांनी त्याला खाली उतरवलं. हार नको, एवढंच म्हणाले. कोणी कितीही समजावलं तरी त्या फोटोला बाबांनी हार घालू दिला नाही, ना दहाव्याला, ना वर्षश्राद्धाला. थोरलीनं ते पुढं कितीतरी वर्षं हळदीचे फोटो काढत राहिले, फ्लॅशशिवाय. कुणाचा धवला तुटला नाही. पण आमच्या घरात पाखडण्याचा आवाज थांबला तो थांबलाच. सूप मी खुंटीला टांगून ठेवलं आणि तांदूळ निवडलेले आणायला लागले.

बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. स्टुडिओ बंद आहे, पुढच्या दाराशी मोबाईल रिचार्जवाला बसतो. थोरलीचा फोटो मी माझ्या कपाटात ठेवला आहे. त्यात आईच्या हाताचा अंगठा आणि विळ्यानं कापल्याची त्याच्यावरची खूण स्वच्छ दिसते. ते माझं मला बघायला. भिंतीवर बाबांचा फोटो, त्याला हार, आणि शेजारी आई, तिला हार नाही.

मामाची नातसून डोलवीला राहते, नवरा तिथं कंपनीत शिफ्टला. परवा ती पहिल्यांदा घरी आली. चांगली पोर आहे, धिटुकली. चहा पिता पिता भिंतीकडे बघत होती. मग तिनं विचारलं, आत्या, आजोबांना हार हाय, मग आजीचा फोटो असा बिनहाराचा का?

मी म्हटलं, "तो तिचा नाय गो. सुपाचा हाय."

ती उठली आणि फोटोच्या अगदी जवळ जाऊन, मान तिरकी करून, सूप शोधायला लागली. तिला काही ते सापडेना.